मामीच्या तीन खोल्या, सहा हजार रुपये : कीवर्ड शोधण्याच्या नोंदी

२१ जुलै २०२५

मामी घरातल्या तीन खोल्या यात्रेकरूंना देते. घर गोव्यात, फोंड्याजवळच्या कवळ्याला, श्रीशांतादुर्गेच्या देवळापासून चालत दहा मिनिटांवर. पर्यटन खात्याची नोंदणी आहे, खोलीचे दिवसाला १२०० रुपये. निम्मी गिऱ्हाइकं एका बुकिंग साइटवरून येतात आणि त्या साइटचं कमिशन वजा झालं की मामीचा चेहरा बघवत नाही. काल जेवताना म्हणाली, "तूं कंप्युटराचें काम करता न्हय? लोकांचो फोन सरळ म्हाका येवंक जाय, अशें कितें तरी कर."

माझं कंप्युटरचं काम म्हणजे ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात टॅली भरणं. पण तिच्या हातची सोलकढी पिऊन झाली होती, नाही म्हणता आलं नाही.

गूगलवर जाहिरात करायचं ठरलं, मामाने त्यासाठी सहा हजार दिले. ते संपले की प्रयोग संपला, पुन्हा मागायचे नाहीत असं ठरलं. गूगल ॲड्समध्ये पैसे आगाऊ भरले की त्यातूनच १८ टक्के जीएसटी कापला जातो, म्हणजे ६००० भरून जाहिरातीला ५०८४च मिळणार. मामीच्या साइटच्या नावाचा, म्हणजे डोमेनचा खर्च माझ्या खिशातून. पहिलं वर्ष स्वस्तात देतात, खरा भाव दुसऱ्या वर्षी कळतो.

रात्री गूगलच्या कीवर्ड प्लॅनरमध्ये (लोक सर्चमध्ये टाकतात ते शब्द, म्हणजे कीवर्ड, किती शोधले जातात ते सांगणारं साधन) 'गोव्यात हॉटेल' आणि 'गोवा होमस्टे' टाकून पाहिलं. शोधणारे प्रचंड, पण एकेका क्लिकला मोजावी लागणारी बोली बघून खिडकी बंद केली. शिवाय त्यातल्या बहुतेकांना कळंगुट हवं असतं. कवळ्याला समुद्र नाही.

२३ जुलै

आज काही शोधलं नाही, मामीची वही वाचली.

शंभर पानी रेघांची वही, कव्हरवर गणपती. नाव, गाव, किती माणसं, किती रात्री, पैसे. शेवटच्या रकान्याला मथळा नाही, तिथे मामी मनात येईल ते लिहिते : 'आजीक पांय दुखता, सकयली खोली दिली'. 'कुळदेवाक आयल्यात, नवी व्हंकल' (नवी नवरी). 'सोमारा मंगेशेक वतले, चा ६ वरांचेर'. गावं बघितली तर दादर, डोंबिवली, सांगली, बेळगाव, कारवार, कुमठा. चौदा महिन्यांत बीचसाठी आलेलं एकही कुटुंब नाही. सगळे कुलदैवताला आलेले. १५६०च्या सुमारास पोर्तुगिजांच्या धाकाने मंगेश कुठ्ठाळीहून अंत्रुजात, म्हणजे आमच्या फोंडा भागात आणला. शांतादुर्गा केळशीहून आली, म्हाळसा वेर्ण्याहून. ज्यांची ही दैवतं ती माणसं आज मुंबई-पुण्यापासून कारवारपर्यंत पसरलेली, आणि मामीच्या तीन खोल्या त्यांच्याच वाटेवर.

मग मामीला विचारलं, फोनवर लोक पहिलं वाक्य काय बोलतात? तिने न थांबता सांगितलं : "भक्तनिवास आहे का?", "देवळापासून किती लांब?", "वयस्कर माणसं आहेत, खाली खोली मिळेल?", "सहा जण एका खोलीत झोपलो तर चालेल?", "कांदा-लसूण नसलेलं जेवण?", "अभिषेकाला किती वाजता जायचं?" मी मोबाइलवर टिपत गेलो. एकदाही कोणी 'होमस्टे' म्हणालं नव्हतं.

२६ जुलै

गूगलच्या सर्चपेटीवर शनिवार गेला. इन्कॉग्निटो खिडकी (आपले जुने शोध न धरणारी) उघडायची, 'मंगेशी मंदिर' लिहून एक जागा सोडायची आणि मग अ, आ, क, ख असं एकेक अक्षर. खाली जे सुचतं ते शीटमध्ये. मग 'कवळे', 'म्हार्दोळ', 'रामनाथी', 'नागेशी', 'बांदिवडे'. मग तेच रोमन अक्षरांत, कारण बरेच लोक मराठीत विचार करतात आणि इंग्रजी कीबोर्डवर टाइप करतात. संध्याकाळपर्यंत १४३ शब्दसमूह जमले.

दोन गोष्टी आधी लक्षातच आल्या नव्हत्या.

पहिली, आम्ही गोंयकार देवळाच्या राहण्याच्या जागेला अग्रशाळा म्हणतो. महाराष्ट्रातला माणूस तो शब्द शोधत नाही. तो 'भक्तनिवास' लिहितो, नाहीतर 'धर्मशाळा', नाहीतर 'राहण्याची सोय'. मी पानासाठी जो मजकूर मनात रचला होता त्यात चार वेळा अग्रशाळा होतं.

दुसरी, स्पेलिंग. फोंड्याचं इंग्रजी स्पेलिंग 'पी'ने सुरू होतं, पण मराठी माणूस उच्चाराला धरून 'एफ' किंवा 'पीएच' टाकतो. कवळ्याची तर तऱ्हाच वेगळी. सरकारी कागदावर पोर्तुगीज वळणाचं 'क्यू'ने सुरू होणारं नाव, बसच्या पाटीवर 'के'ने, आणि शेवटी 'एम' असणं-नसणं लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. एकाच गावाचे पाच कीवर्ड. मोठ्या साइटी यातला एकच धरून बसतात, उरलेले चार मोकळे.

३० जुलै

कीवर्ड प्लॅनर पुन्हा, या वेळी १४३ ओळी घेऊन. जाहिरात न चालवणाऱ्या खात्याला तो नेमका आकडा देत नाही, ढोबळ पट्टे देतो : महिन्याला १० ते १००, १०० ते १ हजार. माझ्या निम्म्याहून जास्त ओळींसमोर नुसती आडवी रेघ. म्हणजे त्याच्या लेखी हे कोणी शोधतच नाही. पण 'राहण्याची सोय'वाले शब्द तर मामीला फोन करणाऱ्यांच्या तोंडचे आहेत. वहीवर विश्वास ठेवायचं ठरवलं.

'स्पर्धा' या रकान्याने मला तासभर फसवलं. 'कमी' दिसलं की मी खूश. नंतर कळलं, ती जाहिरातदारांमधली स्पर्धा आहे, फुकटच्या निकालांत वर यायला किती अवघड याच्याशी तिचा संबंध नाही. ते बघायला प्रत्येक शब्द स्वतः शोधून पहिल्या पानावर कोण बसलंय ते पाहावं लागतं. मोठ्या बुकिंग साइटी खास त्या देवळाचं पान करून बसल्या असतील तर सोडून द्यायचं. एखादा जुना प्रवासवर्णनाचा ब्लॉग, कोणाच्या तरी प्रश्नाखालची अर्धवट उत्तरं किंवा नुसतेच फोटो वर दिसले तर जागा आहे.

१४३ पैकी हाती राहिले २२. महिन्याला पैसे घेणारं एकही टूल घेतलेलं नाही, आणि या आकाराच्या कामाला लागेल असं वाटतही नाही.

४ ऑगस्ट

श्रावणी सोमवार. मंगेशीला गर्दी, मामीच्या तिन्ही खोल्या भरलेल्या. साइटची तीन पानं लिहिली : कवळे, मंगेशी-म्हार्दोळ आणि 'ज्येष्ठांना घेऊन येताना'. दुपारी वीज गेली, चौथं पान राहिलं. बरंच झालं, चौथ्याची गरज नव्हती.

शीर्षकात 'भक्तनिवास' घालायचा मोह झाला. क्लिक मिळाले असते, पण लोक देवस्थानचं समजून आले असते आणि मामीशी भांडले असते. शेवटी लिहिलं : 'कवळे देवळाजवळ राहण्याची सोय, घरगुती खोल्या', आणि पहिल्याच परिच्छेदात 'हे देवस्थानचे भक्तनिवास नव्हे' असं स्पष्ट. शब्द पानावर आला आणि खोटंही बोलावं लागलं नाही.

९ ऑगस्ट

जाहिरात सुरू. दिवसाला १२० रुपये. नव्या खात्याला गूगल आपल्या सोप्या पद्धतीतच ठेवायला बघतं. तिथून बाहेर पडून एक्स्पर्ट मोड घेतला. डिस्प्ले नेटवर्कची खूण काढली, सर्च पार्टनरची काढली, म्हणजे जाहिरात इतर साइटींवर न जाता गूगलच्या शोधातच दिसेल. ठिकाणं : मुंबई, ठाणे, पुणे, सांगली, कोल्हापूर, बेळगाव, कारवार. ठिकाणाच्या पर्यायात आधीपासून निवडलेलं असतं 'त्या ठिकाणी असलेले किंवा त्यात रस असलेले'. ते बदलून 'असलेले' एवढंच ठेवलं, नाहीतर पुण्यात रस असलेला दिल्लीचा माणूसही माझ्या १२० रुपयांत वाटेकरी.

भाषेत फक्त मराठी ठेवली नाही. मराठीत शोधणाऱ्या बऱ्याच लोकांचा फोन इंग्रजीतच असतो.

१३ ऑगस्ट

चार दिवसांत ४१ क्लिक, ९ फोन, बुकिंग शून्य. 'सर्च टर्म्स' उघडलं. प्रत्यक्षात लोकांनी काय टाइप केलं ते तिथे दिसतं, आणि सगळी करमणूक तिथेच आहे.

४१ पैकी १७ जण खंडोबाचे. 'म्हाळसा' म्हटलं की महाराष्ट्राला जेजुरी आठवते. आमची म्हार्दोळची म्हाळसा म्हणजे महालसा नारायणी, विष्णूचं मोहिनीरूप, आमच्याकडे तिची पूजा खंडोबाची बायको म्हणून होत नाही. पण हे गूगलला मी सांगितलं नव्हतं. बाकी थोडे 'मंगेशकर' आणि 'गाणी'. ते घराणं मूळचं मंगेशीचं, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार?

निगेटिव्ह कीवर्ड, म्हणजे ज्यांना जाहिरात दाखवायची नाही ते शब्द घातले : खंडोबा, जेजुरी, मालिका, गाणी, आरती, फोटो, स्टेटस. मग ध्यानात आलं की निगेटिव्ह शब्द जसा दिला तसाच अडवला जातो, त्याची रूपं तो ओळखत नाही. मराठीत ही चांगलीच पंचाईत. खंडोबा, खंडोबाची, खंडोबाचे, खंडोबाला, सगळं वेगवेगळं लिहावं लागतं, आणि पुन्हा रोमनमध्ये. रात्री साडेअकरापर्यंत मी विभक्तिप्रत्यय लावत बसलो होतो. शाळेत याचे मार्क गेले होते.

१४ ऑगस्ट

बुकिंग का नाही ते मामीच्या मोबाइलमध्ये सापडलं. ९ पैकी ६ मिस्ड कॉल, सगळे दीड ते चारच्या मधले. मामी तेव्हा झोपते. अख्खा फोंडा झोपतो. मुंबईचा माणूस मात्र जेवणाच्या सुट्टीतच फोन करतो. मामीला उठवण्यापेक्षा जाहिरातच दुपारी एक ते चार बंद ठेवली.

१६ ऑगस्ट

काल १५ ऑगस्ट, शुक्रवार, जोडून सुट्टी. १२० ठरवले असताना २३१ रुपये गेले. घाबरलो. नियम असा आहे की गूगल एखाद्या दिवशी ठरवलेल्याच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकतं, महिन्याचा हिशेब मात्र दिवसाच्या रकमेच्या ३०.४ पटीवर थांबतो. टॅलीवाल्या माणसाला हे पचत नाही. पहिलं बुकिंग मात्र आलं : डोंबिवली, दोन खोल्या, एक रात्र.

२२ ऑगस्ट

आजची नोंद लिहायची लाज वाटते, पण नोंदवही आहे.

नवरात्रात आमच्याकडे देवळांत मखरोत्सव असतो. देवीला सजवलेल्या मखरात बसवतात आणि वाद्यांच्या ठेक्यावर मखर झुलवतात. बाहेरगावचे भक्त त्यासाठी मुद्दाम येतात. लोक महिनाभर आधी ठरवतात म्हणून १७ तारखेला मी 'मखर' हा शब्द घातला, तोही ब्रॉड मॅचमध्ये (त्या शब्दाशी संबंधित कुठल्याही शोधाला जाहिरात दिसते तो प्रकार), आणि वर ठिकाणांत सगळा महाराष्ट्र केला. पाच दिवस ऑफिसात महिन्याचं काम होतं, खात्यात डोकावलो नाही.

बुधवारी गणेशचतुर्थी आहे.

५२ क्लिक, ४६३ रुपये. 'इको फ्रेंडली मखर', 'मखर किंमत', 'फोल्डिंग मखर', 'मखर डिझाइन घरगुती'. मामीला तीन फोन आले. एक बाई नाशिकहून बोलत होत्या, दीड फुटाची मूर्ती बसेल का म्हणून. मामीला वाटलं मुलासाठी खोली हवी आहे, तिने सांगितलं, "बसता गो, गादी घालतां." दोघी पाच मिनिटं बोलल्या.

संध्याकाळी मी आकडा सांगितला तेव्हा मामा गप्प राहिला. मामी म्हणाली, "मखर म्हळ्यार तांकां गणपतीचेंच दिसता. तुका कळूंक नाशिल्लें?" मला कळायला हवं होतं. आमच्याच घरात चवथीला माटोळीखाली (वर टांगलेल्या फळापानांच्या सजावटीखाली) गणपतीचं मखर असतं. मी मात्र देवळाचंच धरून बसलो.

जाहिरात बंद. चवथ झाल्यावर बघू.

८ सप्टेंबर

पुन्हा सुरू. ब्रॉड मॅच कायमचं रद्द, सगळं फ्रेज आणि एक्झॅक्ट, म्हणजे दिलेल्या शब्दांच्या अर्थाचाच शोध असेल तर जाहिरात. ठिकाणं पुन्हा पहिली सात. 'मखर' एकटं कुठेही नाही. 'मखरोत्सव गोवा', 'कवळे मखरोत्सव', 'म्हार्दोळ नवरात्र' एवढेच.

गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये आता थोडं दिसू लागलंय. हे फुकट आहे आणि माझ्या मते सगळ्यात खरं, कारण त्यात आपलंच पान कोणत्या शब्दाला दिसलं ते कळतं. सगळ्यात जास्त इम्प्रेशन (पान निकालांत किती वेळा दिसलं) 'मंगेशी ते कवळे अंतर' आणि 'मडगाव स्टेशन ते मंगेशी कसे जायचे' यांना. या लोकांना खोली नको आहे, सरकारी कदंब बस कुठून सुटते ते हवं आहे. जाहिरातीचा एक पैसा यावर घालणार नाही. पानावर दोन ओळींत उत्तर लिहून टाकलं, आलेल्या माणसाला निदान बस तरी मिळू दे.

गूगल मॅप्सवरच्या नोंदीतही लोकांनी काय शोधून घर गाठलं त्याची यादी मिळते. आमच्या बहुतेक शब्दांपुढे '१५ पेक्षा कमी' एवढंच, पण शब्द कळतो. त्यातला एक मी कधीच लिहिला नसता : 'देवळाजवळ वेस्टर्न टॉयलेट असलेली रूम'. मामीच्या खालच्या खोलीत आहे. ज्येष्ठांच्या पानावर पहिल्या ओळीत टाकलं, फोटोसकट. मामीला तो फोटो पसंत नाही.

१४ सप्टेंबर

सकाळी फोन : "मी फोंड्यात पोचलोय, घर सापडत नाही." मामी रस्त्यावर जाऊन उभी. अर्ध्या तासाने कळलं की गृहस्थ कोल्हापूरहून निघून फोंडाघाट उतरले होते आणि कणकवली तालुक्यातल्या फोंड्यात चहाच्या टपरीवर उभे होते. जाहिरातीत मी नुसतं 'फोंडा' लिहिलं होतं. ते तीन तासांनी पोचले, चिडलेले नव्हते, पण बायको चिडलेली होती.

प्रत्येक ठिकाणी 'फोंडा, गोवा ४०३४०१' केलं. निगेटिव्हमध्ये 'घाट' आणि 'कणकवली'. 'शांतादुर्गा'लाही तीच गत आहे, तिची देवळं गोव्यात जागोजागी. 'फातर्पा', 'कुंकळ्ळी', 'धारगळ' वगळले.

३ ऑक्टोबर

काल दसरा झाला. हिशेब.

आजवर ३९४६ रुपये खर्च, उरले ११३८. जाहिरातीवरून आलेले फोन ३४, त्यात खोलीसाठी खरंच विचारणारे १९, बुकिंग ७, मिळून १२ खोली-रात्री, म्हणजे १४,४०० रुपये. मखराचे ४६३ आणि खंडोबाचे दीडेकशे यातच आहेत.

कोणत्या शब्दाने बुकिंग दिलं ते काढायला मी मामीच्या फोनमधल्या वेळा आणि जाहिरातीचा तासवार अहवाल शेजारी ठेवून जुळवलं. शंभर टक्के बरोबर म्हणणार नाही. सातपैकी चार रोमन लिपीतल्या मराठीचे, 'कवळे मंदिर जवळ राहण्याची सोय' याच अर्थाच्या वेगवेगळ्या स्पेलिंगचे. दोन इंग्रजी शब्दांचे, त्यातला एक कारवारचा. शुद्ध देवनागरीचा एक. या चार रोमनवाल्यांपैकी तीन शब्दांसमोर प्लॅनरमध्ये जुलैत रेघ होती, आजही आहे. त्यांचा क्लिक चार ते सात रुपयांना पडला. मी हौसेने ठेवलेल्या 'फोंडा रूम' या चांगल्या आकड्याच्या शब्दाने सतरा रुपयांचे क्लिक खाल्ले आणि दिलं काहीच नाही. तो आज काढला.

मखरोत्सवावरून दोन फोन आले, बुकिंग एक. मखरोत्सवाचं पान नंतर केलं, ते उशिरा चढलं. ते जुलैतच चढायला हवं होतं.

१२ ऑक्टोबर

दिवाळीच्या आठवड्यासाठी तिन्ही खोल्या आताच भरल्या, म्हणून जाहिरात थांबवली. मामीने वहीत नवा रकाना आखला आहे, 'कशें कळ्ळें'. पहिल्या पाच नोंदी : गूगल, गूगल, भाची, बुकिंग साइट, 'रिक्षावाल्यान सांगलें'. रिक्षावाल्याला कमिशन नको, चहा पुरतो.

उरलेले ११३८ जत्रेसाठी ठेवायचे असा माझा बेत. कवळ्याची जत्रा माघ शुद्ध पंचमीला, म्हणजे २३ जानेवारी २०२६. पान नोव्हेंबरातच चढवायचं. शब्दही काढून झाले, स्पेलिंगसकट एकोणीस, आणि पहिल्या पानावर दमदार कोणी नाही. आज जेवताना मामीला शीट दाखवली. तिने चष्मा लावून सगळी वाचली.

"जत्रेक म्हजीं कुळारचीं येतात," ती म्हणाली. कुळार म्हणजे माहेर. "खोली कोणाक दिवपाची ना."